पाणी कुठवर येईल? कारखान्यांवर बाहेरून येणाऱ्या संकटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रासायनिक कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प, वीजकेंद्रं, शहरांची जलशुद्धीकरण केंद्रं अशा ठिकाणी सुरक्षेचं काम करणारे आणि त्यांच्या भिंतीला लागून राहणारे, दोघेही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे आकडे मांडल्याशिवाय मुद्दा कळत नाही.

बाहेरचं संकट म्हणजे नेमकं काय काय?

ज्याचं मूळ कुंपणाबाहेर आहे ते सगळं. भूकंप, पूर, वादळ, समुद्राचं उधाण, दरड, वीज पडणं, वणवा ही निसर्गाची यादी. माणसाची यादी वेगळी: शेजारच्या प्लॉटमधला स्फोट, नदीच्या वरच्या अंगाचं धरण, हायवेवर उलटलेला टँकर, कोसळणारं विमान, ग्रिडची वीज जाणं. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारतातली ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली होती, ते आठवा.

काही धोके ऐकून हसू येतं. जून २०११मध्ये स्कॉटलंडमधलं टॉर्नेस अणुवीज केंद्र बंद करावं लागलं ते जेलीफिशमुळे. समुद्राचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाशी त्यांचा थर साचला. आपल्याकडे नदीकाठच्या कारखान्यात हेच काम पावसाळ्यात जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्या करतात, फक्त त्याची बातमी होत नाही.

आमचा हॅझॉप (कारखान्याच्या आतल्या धोक्यांची कलमवार तपासणी) झालेला आहे, फाइल तयार आहे. मग हा वेगळा अभ्यास कशाला?

हॅझॉपमध्ये आपण एकेक पाइप, एकेक व्हॉल्व्ह घेऊन बसतो. पंप बंद पडला तर? दुसरा सुरू होईल. वीज गेली तर? डीजी सेट, म्हणजे डिझेलवरचा जनरेटर, आहे. प्रत्येक 'तर'ला उत्तर मिळतं आणि तक्ता भरतो. पण त्या तक्त्यात एक गृहीत न बोलता शिरलेलं असतं: पहिली वस्तू बिघडली तेव्हा दुसरी धड आहे.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा, पुरामुळे बाहेरची वीज ५० वर्षांतून एकदा जाते आणि डीजी सेट ५० वेळा बटण दाबल्यावर एकदा दगा देतो. दोन्हींचा गुणाकार केला की उत्तर येतं २,५०० वर्षांतून एकदा. छान वाटतं. आता तो डीजी सेट कुठे ठेवलाय ते बघा. सबस्टेशनला बुडवणारं पाणी त्याच्याही पॅनलपर्यंत येत असेल, तर गुणाकार करायचा हक्कच उरत नाही. उत्तर पुन्हा ५० वर्षांतून एकदा. कागदावर ५० पट सुरक्षित असलेला कारखाना, डीजी सेट एका जिन्याच्या चार पायऱ्या खाली ठेवल्यामुळे, जागच्या जागी येतो.

हे प्रत्यक्ष कसं घडतं ते ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या क्रॉस्बी इथे दिसलं. आर्केमा कंपनीच्या कारखान्यात ऑर्गॅनिक पेरॉक्साइडचा साठा होता. हा माल थंड ठेवावाच लागतो. तापला की आपोआप विघटन होऊन पेट घेतो. हार्वी वादळाचा पाऊस आला. ग्रिडची वीज गेली, जनरेटर पाण्यात गेले. द्रव नायट्रोजनची सोय होती, तीही निकामी झाली. शेवटी कामगारांनी माल शीत ट्रेलरमध्ये हलवला, तर पाणी ट्रेलरपर्यंत चढलं. थरावर थर बचाव होते आणि सगळे एकाच पाण्याने काढून घेतले. कामगारांना बोटीने बाहेर काढावं लागलं, अडीच किलोमीटरच्या आसपासचा परिसर रिकामा केला आणि मग ट्रेलर एकामागून एक पेटले. हा भाग पूरक्षेत्रात येतो असं विमा कंपनीच्या आधीच्या एका अहवालात लिहिलेलं होतं. कारखान्यातल्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता, असं नंतरच्या चौकशीत दिसलं.

सुरुवात कुठून करायची?

मोठी यादी करा आणि मग गाळा. गाळण्याची चार कारणं चालतात: संकटाचं मूळ फार लांब आहे, ते फारच क्वचित येतं, आलं तरी आपल्या आराखड्यात त्याहून मोठं काही आधीच धरलं आहे, किंवा ते इतकं हळू येतं की प्लांट सुरक्षित बंद करायला भरपूर वेळ मिळतो. यांपैकी कुठलं कारण लागलं ते प्रत्येक ओळीपुढे लिहायचं. नुसतं 'लागू नाही' लिहिलेली ओळ पुन्हा उघडायची, असा आमचा नियम आहे.

गाळताना एक चूक हमखास होते: प्रत्येक संकट सुटं बघितलं जातं. २७ डिसेंबर १९९९च्या रात्री फ्रान्समध्ये जिरोंद खाडीकाठच्या ब्लाये अणुवीज केंद्रात पाणी शिरलं, तेव्हा भरती होती आणि वादळी वाऱ्याने खाडीचं पाणी बंधाऱ्यावर ढकललं. दोन्ही एकत्र आल्यावर लाटा बंधाऱ्यावरून आत आल्या, आणि तळघरातल्या भुयारांची तोंडं नीट बुजवलेली नसल्याने पाणी थेट पंपांपर्यंत गेलं. त्याच वादळाने ग्रिड पाडली आणि रस्ते अडवले, त्यामुळे मदतीची माणसं वेळेवर पोचेनात. आपल्या किनाऱ्यावर मोठी भरती आणि ढगफुटीसारखा पाऊस एकाच दुपारी येतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे तो आत्ता येऊन गेला की शंभर वर्षं निर्धास्त?

नाही. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का आहे. गेल्या वर्षी आला होता की नाही, याची पावसाला आठवण नसते. कारखान्याचं आयुष्य ३० वर्षं धरलं तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निघते २६ टक्के. पन्नास वर्षं चालवला तर जवळपास ४० टक्के.

आपल्या राज्यात जलसंपदा विभाग आखतो त्या पूररेषा इथे कामाच्या आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेवर उभ्या असलेल्या वस्तूला ३० वर्षांत पाणी लागण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या पुढे जाते. आणि हे हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवरचे आहेत. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील, हे गृहीत दर मोठ्या पावसाळ्यानंतर तपासावं लागतं.

मग किती मोठं संकट धरून चालायचं?

कारखाना फुटला तर बाहेर किती माणसं मरतील, यावर ते ठरतं. भूकंपासाठी जगभर वापरात असलेलं एक माप म्हणजे ५० वर्षांत ओलांडला जाण्याची १० टक्के शक्यता असलेला धक्का, म्हणजे साधारण ४७५ वर्षांतून एकदा येणारा. अणुवीज केंद्रासाठी हाच आकडा १०,००० वर्षांच्या घरात नेतात. क्लोरीन किंवा अमोनियाचा मोठा साठा असलेला कारखाना या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेकदा साध्या इमारतीच्या शेजारी बसवलेला असतो, हे माझं निरीक्षण.

नकाशावर फार विसंबू नका. कोयनेचा परिसर भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जात होता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे ६पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या आराखड्यात गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५ टक्के इतका आडवा जोर धरला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने त्याच्या कितीतरी पट मोठा धक्का नोंदवला. धरणाला भेगा पडल्या, पण ते टिकलं आणि पुढे मागच्या बाजूने भक्कम करण्यात आलं. त्यानंतर देशाचा भूकंप नकाशा बदलला. मग ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२मध्ये ते पहिलं क्षेत्रच रद्द झालं. दोन्ही वेळा आधी माणसं मेली आणि मग नकाशाचा रंग बदलला.

आमच्या जागेसाठी पावसाचा आणि पुराचा आकडा आणायचा कुठून?

हवामान खातं, जलसंपदा विभाग, केंद्रीय जल आयोग यांच्या नोंदी हा पाया. पण नोंद कुठल्या ठिकाणची आहे ते बघा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद होती ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरातली दोन केंद्रं. कुलाब्याचा आकडा घेऊन कुर्ल्यातल्या कारखान्याची भिंत बांधली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

दुसरं साधन माणसं. कोकणातल्या एका कारखान्यात (नाव सांगण्याची गरज नाही) पाहणीला गेलो होतो. फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं: 'जागेला पुराचा इतिहास नाही'. मॅनेजर साहेब चार वर्षांपूर्वी बदलून आलेले, त्यांनी फाइलवर भरवसा ठेवला. दुपारी मागच्या गेटवर चहा घेताना तिथल्या म्हाताऱ्या वॉचमनला सहज विचारलं, "मामा, २००५ला पाणी आलं होतं का हो इथे?" ते उठले, भिंतीपाशी गेले आणि छातीवर आडवा हात धरला. "हितवर, साहेब. मी ह्या टाकीच्या शिडीवर रात्र काढली." आम्ही टेप लावला. जमिनीपासून चार फूट दोन इंच. फायर पंपाच्या मोटरचं टर्मिनल होतं दोन फुटांवर.

फायर पंपाची खोली प्लॉटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात असते, याला कारण आहे: टाकीतलं पाणी आपोआप पंपात उतरावं म्हणून ती खाली घेतात. म्हणजे आगीसाठी जे बरोबर, तेच पुरासाठी वाईट. अशा जागा नकाशावर सापडत नाहीत, पायी फिरून सापडतात.

फुकुशिमात नेमकं चुकलं काय? लाट फारच मोठी होती, एवढंच ना?

लाट मोठी होती, पण गोष्ट तिच्या उंचीशी संपत नाही. जपानमधलं फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्र उभारताना समुद्रालगतची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी कापून चार अणुभट्ट्यांसाठी जमीन १० मीटरवर आणली. खाली पक्का खडक मिळतो आणि समुद्राचं पाणी वर चढवायचा खर्च वाचतो, अशी दोन्ही कारणं होती. सुरुवातीला त्सुनामीचा आकडा धरला ३.१ मीटर, तो १९६०च्या चिलीमधल्या भूकंपाने उठलेल्या लाटेवरून. २००२मध्ये तो ५.७ मीटर केला. २००८मध्ये कंपनीच्याच आतल्या हिशेबात १५.७ मीटरचा आकडा निघाला. त्यावर 'आणखी अभ्यास करू' असं ठरलं. ११ मार्च २०११ला पाणी आलं १४ ते १५ मीटर.

आता जवळून बघा. पाणी-थंड (पाण्याने थंड ठेवले जाणारे) डीजी सेट टर्बाइन इमारतींच्या तळघरात होते, ते बुडाले. दोन आणि चार नंबरच्या अणुभट्टीसाठी हवा-थंड डीजी सेट वेगळ्या इमारतीत जमिनीच्या पातळीवर होते. त्यांना पाणी लागलंच नाही. तरी त्यांचा उपयोग शून्य, कारण त्यांची वीज पुढे नेणारी पॅनल तळघरात होती. धडधाकट इंजिन आणि बुडालेला स्विचबोर्ड. सहा नंबरचा एक हवा-थंड सेट त्याच्या पॅनलसकट वाचला, आणि त्या एकाच सेटवर पाच आणि सहा नंबरच्या अणुभट्ट्या सावरल्या.

ओनागावा हे केंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होतं. तिथे लाट सुमारे १३ मीटरची आली. त्याची जमीन १४.८ मीटरवर होती, भूकंपाने ती सुमारे मीटरभर खचली, तरी पाणी वर चढलं नाही. आसपासच्या गावांतले बेघर लोक नंतर काही काळ केंद्राच्या आवारात राहिले.

आराखड्यातल्या आकड्याच्या थोडं पुढे गेलं तर काय, हे का विचारतात?

कारण काही गोष्टी हळूहळू बिघडतात आणि काही उंबरठा ओलांडल्यासारख्या. दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी असेस्तोवर घर कोरडं असतं. दोन बोटं वर गेलं की सगळ्या खोल्यांत. एमसीसी रूमचं, म्हणजे मोटरांचे स्विच असलेल्या खोलीचं, तसंच आहे. म्हणून 'पाणी १.५ मीटर येईल, आमचं जोतं १.६ मीटर आहे' इथे हिशेब थांबवायचा नाही. १.७ झालं तर एक मोटर जाईल की सगळाच कारखाना, हे शोधायचं.

उंबरठ्याचं सर्वांत फसवं उदाहरण म्हणजे तेलाची टाकी. २० मीटर व्यासाची, १२ मीटर उंचीची पोलादी टाकी घ्या. तळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर. रिकाम्या टाकीचं वजन ढोबळमानाने ११० टन. भोवती मीटरभर पाणी साचलं तर ते ३१४ टनांच्या जोराने तिला वर ढकलतं. म्हणजे पायाला बोल्टने जखडलेली नसेल तर रिकामी टाकी ३५ सेंटिमीटर पाण्यातच तरंगायला लागते, गुडघ्याच्याही खाली. दीड मीटर पाण्यात तिला जागेवर ठेवायचं असेल तर आत निदान १.६ ते १.७ मीटर नाफ्था हवा. गंमत अशी की गळतीचं तेल अडवायला बांधलेली बंड वॉल पावसाचं पाणीही तितक्याच इमानाने अडवते. तिचा ड्रेन व्हॉल्व्ह गंजला असेल तर नदी न फुगताही टाकीभोवती तळं होतं.

२००५मध्ये कतरीना वादळात अमेरिकेत लुइझियानातल्या मेरो इथल्या शुद्धीकरण प्रकल्पात अडीच लाख बॅरलची टाकी अशीच उचलली गेली. तिच्यात फक्त ६५,००० बॅरलच्या आसपास कच्चं तेल होतं. टाकी सरकली, फाटली आणि शेजारच्या सुमारे १,८०० घरांत तेलाचा थर पसरला. वादळाच्या आधी टाक्या भरून ठेवायच्या, ही सूचना त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी लेखी असते. तेल नसेल तर पाणी भरा.

भूकंपात टाक्या आणि इमारती पडतात का? आमचं बांधकाम तर भक्कम आहे.

चांगल्या कारखान्यात इमारत सहसा टिकते. मोडतात त्या न बांधलेल्या वस्तू. बॅटरीचे रॅक, पॅनल, ट्रान्सफॉर्मर, केबल ट्रे, सबस्टेशनमधले चिनीमातीचे इन्सुलेटर. पाहणीत मी पहिल्यांदा बॅटरी रूममध्ये जातो आणि रॅकला हाताने हलका धक्का देतो. हलला तर पुढचा अर्धा तास तिथेच जातो. अनेकदा रॅकच्या पायाला बोल्टची भोकं असतात आणि बोल्ट नसतात, कारण बॅटऱ्या बदलताना काढले ते राहूनच गेले. दोन बॅटऱ्यांच्या मधे रबराचा तुकडा नसणं, डोक्यावर साखळीने लोंबणारी ट्यूबलाइट, पॅनलशेजारी मोकळं उभं केलेलं लोखंडी कपाट या सगळ्यांचा खर्च काही हजारांत असतो.

जुलै २००७मध्ये जपानमधल्या काशिवाझाकी-कारिवा केंद्राला आराखड्यापेक्षा मोठा धक्का बसला. अणुभट्ट्या सुरक्षित बंद झाल्या. पण बाहेरच्या एका ट्रान्सफॉर्मरला आग लागली, आणि जमीन खचून आगीच्या पाण्याचे पाइप तुटलेले असल्याने ती जवळपास दोन तास जळत राहिली.

आणि कारखाना त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे हेही बघावं लागतं. ११ मार्च २०११लाच तोक्योजवळच्या चिबामधल्या कॉस्मो ऑइलच्या प्रकल्पात एलपीजीचा एक गोल, म्हणजे पायांवर उभी चेंडूच्या आकाराची टाकी, तपासणीसाठी पाण्याने भरलेला होता. पाणी एलपीजीच्या जवळपास दुप्पट जड. मुख्य धक्क्यात त्याच्या पायांचे आडवे आधार तुटले, नंतरच्या धक्क्यात पाय वाकले आणि गोल शेजारच्या पाइपांवर कोसळला. एक आपत्कालीन व्हॉल्व्ह आधीपासून उघडा अडकवून ठेवलेला होता, म्हणून गॅस बंद करता आला नाही. आग विझायला दहा दिवस लागले. वर्षातले काही दिवस पाण्याने भरलेला गोल, हे कुणाच्या हिशेबात होतं?

मग प्रत्येक यंत्र तपासायचं का?

नाही, जन्म पुरणार नाही. प्लांट सुरक्षित बंद करायला, थंड ठेवायला आणि विषारी माल आत कोंडून ठेवायला जेवढं लागतं तेवढ्याची यादी करा. ती शंभर-दीडशे वस्तूंवर येते. मात्र त्यांना लागणारी वीज, हवा, पाणी आणि तिथवर पोचणारा माणूस हेही यादीत हवेत.

वादळ आणि वीज पडण्याचं काय?

वाऱ्यासाठी भारतीय मानक आहे. मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, पुण्यासाठी ३९ मीटर. मोठी बांधकामं यात बसतात. वाऱ्यात उडतात ते पत्रे, आणि उडालेले पत्रे विजेच्या तारांवर पडतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्याने हे बघितलं. गावोगावी खांब आडवे झाले आणि कित्येक ठिकाणी वीज परतायला आठवडे लागले. तुमच्याकडे डिझेल किती दिवसांचं आहे?

वीज पडण्याबद्दल एकच उदाहरण. २४ जुलै १९९४ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावर सकाळी विजांचं वादळ आलं, प्लांटची घडी विस्कटली. स्फोट झाला तो दुपारी, जवळपास पाच तासांनी. शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरसमोर २७५ अलार्म वाजले. वीज गेली आणि परत आली म्हणजे संकट गेलं, असं नसतं.

आमचा कारखाना उंच माळावर आहे. पुराची काळजी नाही ना?

पाणी येणार नाही, पण शिफ्ट येईल का? चिपळूण-खेड पट्ट्यात माळावरच्या कारखान्यांना वाशिष्ठी बुडवत नाही; परशुराम घाटात दरड आली की मात्र रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस), डिझेलचा टँकर आणि अग्निशमन गाडी तिघेही खालीच अडकतात. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा बारा तासांची शिफ्ट किती लांबली असेल, याचा अंदाज करा. थकलेला ऑपरेटर ही या हिशेबातली सर्वांत नाजूक वस्तू आहे.

वरच्या अंगाला काय आहे तेही पाहा. कोयनेच्या वीजगृहातलं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येतं, म्हणजे घाटापलीकडचं पाणीही या खोऱ्याच्या हिशेबात धरावं लागतं. ४ ऑक्टोबर २०२३ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटलं आणि १,२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं.

भारतातल्या अणुवीज केंद्रांत असं काही घडलं आहे का?

हो, आणि ते लपवण्यासारखं नाही. १५-१६ जून १९९४ला दक्षिण गुजरातमध्ये जोराचा पाऊस झाला. काक्रापार केंद्राशेजारचा मोतीचेर तलाव फुगला आणि टर्बाइन इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं. केबलच्या न बुजवलेल्या चरांमधूनही त्याला वाट मिळाली. अणुभट्टी तेव्हा आधीच बंद होती, हे नशीब. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपहाऊसमध्ये समुद्र आला. चालू असलेली अणुभट्टी नीट बंद करता आली, कारण वीज आणि डीजी सेट शाबूत होते. ब्लाये, काक्रापार, फुकुशिमा: तिन्हींत पाणी तळघरातून आत आलं किंवा तळघरात जाऊन बसलं.

पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात छोटे धक्के बसत राहिले. तारापूरचं केंद्र आणि बोईसरची रासायनिक वसाहत त्याच जिल्ह्यात आहेत. म्हणून घाबरायचं कारण नाही, पण तिथल्या बॅटरी रॅकचे बोल्ट कुणीतरी मोजलेले असावेत.

कायदा काय सांगतो?

अणुवीज केंद्रांसाठी १९८३मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ जागेच्या निवडीपासूनच बाहेरच्या संकटांचा हिशेब मागतं. रासायनिक कारखान्यांसाठी भोपाळनंतर आलेले १९८९चे धोकादायक रसायनांचे नियम आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर सुरक्षा अहवाल, आतला आपत्कालीन आराखडा आणि त्याची दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल बंधनकारक आहे. बाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा. राज्यात देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची. युरोपच्या २०१२च्या निर्देशात भूकंप आणि पूर ही कारणं अहवालात नाव घेऊन मागितली आहेत. माझ्या मते आपल्याकडेही तशी एक ओळ हवी. मॉक ड्रिल कोरड्या दिवशी, सकाळी अकराला, सगळे फोन चालू असताना होते. एखादी तरी जुलैत, मेन स्विच पाडून करून बघा.

विमा आहे की.

विमा टाकीचे पैसे देईल. टाकीतून बाहेर गेलेला क्लोरीन परत आणणार नाही.

सल्लागाराला बोलवायच्या आधी आम्ही स्वतः काय करू शकतो?

मे महिन्यात एक दिवस काढा. टेप, खडू आणि गावातला एक जुना माणूस सोबत घ्या. आठवणीतल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी भिंतीवर आखा, त्यावर अर्धा मीटर वाढवून दुसरी रेघ. दुसऱ्या रेघेखाली जे पॅनल, मोटर, बॅटरी, व्हॉल्व्हचा ॲक्च्युएटर येईल त्यावर खडूने फुली मारा. संध्याकाळी फुल्या मोजा. केबलच्या चरांची तोंडं कशाने बुजवली आहेत ते बघा. गोणपाट असेल तर तीही फुली. बंड वॉलचे व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाहा. एका कारखान्यात अशा ४१ फुल्या निघाल्या होत्या, त्यातल्या २६ जून उजाडायच्या आत पुसल्या गेल्या. बहुतेक कामं पॅनल दीड फूट उचलण्याची होती.

आम्ही कारखान्याच्या शेजारी राहतो. आम्ही काय विचारावं?

सायरन कसा वाजतो आणि तो विजेवर चालतो की बॅटरीवर, हे विचारा. गॅस सुटला तर वाऱ्याला आडवं चालत जा असं सांगतात. पुरात तो रस्ता मोकळा असेल का, हे विचारा. घरात दारं-खिडक्या बंद करून थांबा असं सांगितलं असेल, तर घरात कमरेइतकं पाणी असताना थांबायचं कुठे, हेही विचारा. आणि बाहेरच्या आराखड्यात तुमच्या गावासाठी जमण्याचं ठिकाण म्हणून कुठली शाळा लिहिली आहे ते बघून या. एका गावात आम्ही ती बघायला गेलो, तर शाळेच्या भिंतीवर खिडकीच्या वर मातकट रेघ होती. शिक्षिका म्हणाल्या, "ती २०२१ची. दरवर्षी रंग देतो, दरवर्षी ती परत वर येते."